कूलर कोणत्या सुरात आहे?

खालच्या काकू एक दिवस जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुझी गिटार चालते रे मला, पण तुझा तो कूलर बेसुरा आहे."

मला वाटलं टोमणा आहे, म्हणजे आवाज कमी कर असं म्हणायचंय पण तोंडावर कसं म्हणायचं म्हणून बिचाऱ्या कूलरवर ढकलून राहिल्या. पण काकू तशा नाहीत. त्या रोज पहाटे साडेपाचला खर्ज लावून बसतात, मे महिन्यात पण, आणि त्यांचा तंबोरा आमच्या बाथरूमच्या पाइपातून वर ऐकू येतो, इतका स्वच्छ की दात घासताना मी पण नकळत त्याच सुरात गुळण्या करतो. त्यांना जे ऐकू येतं ते मला दोन वर्षांनी ऐकू येतं असा अनुभव आहे. म्हणून विचारलं, बेसुरा म्हणजे काय काकू. तर म्हणाल्या, "तुझा सा एकीकडे आणि हा दोन निषादांच्या मधे कुठंतरी घुमून राहिला. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. डोकं दुखतं रे." आणि गेल्या खाली.

आता ही गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

डिसेंबरात मला खाली जायची हुक्की आली होती. म्हणजे गिटार खाली लावायची, तारा ढिल्या करून नेहमीपेक्षा खालच्या सुरात. मेटलवाल्यांना यात नवीन काहीच नाही, ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीनं ते १९७१ पासून करून ठेवलंय. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १७ व्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा म्हणजे तार दाबायचा हातच तो, मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, आणि पुढं तारा ढिल्या करायला दीड स्वर खाली गेला. त्यातून जो जड आवाज निघाला त्यावर अख्खा एक प्रकार उभा राहिला. मग १९९० मध्ये आयबानेझची सात तारांची गिटार आली, आणि १९९४ ला कॉर्न नावाच्या बँडनं तीच सात तारांची गिटार अजून एक स्वर उतरवून खालची तार ए वर आणली. हे सगळं आमच्या पिढीनं कॉलेजात रट्टा मारून ऐकलंय. माझा प्रॉब्लेम असा की माझ्याकडे सात तारांची गिटार नाही, एक जुनी स्ट्रॅटची कॉपी आहे, सहा तारांची, सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेचा आवाज पकडणारं चुंबक-वेटोळं), आणि नवीन घ्यायला पैसे मागितले तर घरी काय उत्तर मिळेल ते मला माहीत आहे.

तर सरळ खुंटी फिरवून पाहिली. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून ए पर्यंत खाली. ती तार नाही राहिली बे, ती कपडे वाळवायची दोरी झाली. याचं गणित सोपं आहे आणि मला ते फार उशिरा कळलं. तारेचा ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशोबानं बदलतो. खालचा ई ८२.४ हर्ट्झ, त्याच्याखालचा ए ५५, म्हणजे दोन तृतीयांश, त्याचा वर्ग चार नवमांश. नेहमीची ४६ नंबरची (म्हणजे इंचाचे ४६ हजारांश जाड) तार साडेपंचवीस इंचाच्या स्केलवर आठेक किलो ओढते, ती एकदम साडेतीन किलोवर येते. अर्ध्याहून कमी. मग पहिला ताण परत हवा तर तार दीडपट जाड पाहिजे, ४६ चे ६९. सीताबर्डीत दोन दुकानं फिरलो, एकानं मला बेसची तार दाखवली आणि दुसऱ्यानं सरळ विचारलं की भाऊ तुम्ही नक्की काय वाजवता.

शेवटी ऑनलाइन सात तारांचा सेट मागवला. १०, १३, १७, २६, ३६, ४६ आणि ६२. आणि इथं मला जी एक गोष्ट सुचली तिच्यावर मी अजून खूश आहे. सातातून १७ ची तार काढून बाजूला ठेवली, उरल्या सहा. खालून ए, ई, ए, डी, मग एकदम वरचा ए आणि त्यावर ई. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर खर्जाचा सा, मंद्र प, मग सा, म, वरचा सा आणि वरचा प. मधला जी नाही, बी नाही, गिटारवाल्यांची ती नेहमीची तिसऱ्या-दुसऱ्या तारेची वाकडी उडी नाही. वरच्या दोन तारांत पंचमाचं अंतर, व्हायोलिनसारखं. खालच्या तीन तारांवर एक बोट आडवं टाकलं की सा-प-सा, म्हणजे पॉवर कॉर्ड फुकट. आणि सगळ्या तारा मिळून मानेवरचा ताण ४७ वरून ४४ किलोवर येतो फक्त, त्यामुळे मान वाकडी व्हायचं टेन्शन नाही.

कागदावर हे फार छान दिसतं. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा मात्र कागदावर नसतात. चार तारा आधीपेक्षा जाड, म्हणजे चार खाचा रुंद करायच्या. इतवारीत सराफा बाजाराकडे सोनारांची हत्यारं मिळतात तिथून बारीक गोल कानसा आणल्या, दुकानदारानं विचारलं कशावर चालवायच्या, मी म्हटलं गिटारवर, त्यानं माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. तीन खाचा मस्त झाल्या. चौथी जास्त खोल गेली, तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागली, मग खायचा सोडा आणि फेविक्विक टाकून ती भरली आणि परत घासली. सोडा कमी आणि फेविक्विक जास्त टाकलं तर बोटं नटला चिकटतात, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, तुम्ही नका करू. ६२ ची तार खुंटीच्या भोकात जेमतेम शिरली. ती कापायच्या आधी काटकोनात वाकवून घ्या, नाहीतर वरचं वेटोळं सुटत जातं आणि तार आतून पोकळ वाजते. ब्रिजवर तिची सॅडल, म्हणजे तार टेकायचा छोटा तुकडा, मागं सरकवत सरकवत स्क्रूच्या शेवटापर्यंत आली तरी बाराव्या फ्रेटवरचा सूर चढाच, मग सॅडलमागची स्प्रिंगच काढून टाकली तेव्हा बसला. ट्रेमोलोच्या, म्हणजे हलत्या ब्रिजच्या, पाठीमागचा स्प्रिंगांचा पंजा पण कसून टाकला, ब्रिज बॉडीला चिकटला पाहिजे, नाहीतर एक तार लावली की बाकी पाच उतरतात आणि आपण रात्रभर खुंट्याच पिळत बसतो.

जानेवारीत लागली एकदाची. पहिल्या रात्री मी नुसता खालचा सा छेडत बसलो होतो, काही वाजवलं नाही, काहीच नाही.

आणि मग ऍम्प लावला, गेन वर केला आणि सगळा चिखल झाला. यात माझी जुनी समजूत मोडली. मला वाटायचं जड आवाज म्हणजे भरपूर बास आणि भरपूर डिस्टॉर्शन. पण इतक्या खाली सा आणि प सोबत डिस्टॉर्शनमधून काढले की त्यांच्या फरकाचा तिसराच एक सूर तयार होतो, ८२ वजा ५५, म्हणजे २७ च्या आसपास, तो सूर म्हणून कळत पण नाही, नुसता पोटात गुरगुरतो. उपाय उलटा आहे. डिस्टॉर्शनच्या आधी बास कापायचा. ट्यूब स्क्रीमरसारखा हिरवा पेडल लोक ड्राइव्ह शून्यावर ठेवून का लावतात ते मला तेव्हा कळलं, त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खालचं कमी होत जातं, म्हणून तो खालच्या तारेला धुऊन काढतो. आणि तसंही गिटारचा बारा इंची स्पीकर ७० च्या खाली फारसं काही देत नाही. म्हणजे माझा ५५ चा सा माझ्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही! निघतात त्याचे वरचे, ११०, १६५, २२०, आणि त्यावरून खालचा सा आपला मेंदू बसवून घेतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. एवढ्या खाचा घासल्या त्या कशासाठी मग.

पण वरचे ते स्वर ऐकायची सवय लागली आणि तिथंच काकूंचा तंबोरा आठवला. तंबोऱ्यात प, सा, सा आणि शेवटी खर्ज, गंधाराची तार नसतेच, तरी खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप बोलतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा, पाचवा हार्मोनिक आहे तो. माझ्या ६२ च्या तारेतून पण तो निघून राहिला होता, चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवलं की टण्णकन येतो. मी जोरात वाजवत होतो तोवर तो कधी ऐकू आला नाही. ढिली तार जोरात मारली की सुरुवातीला सूर चढतो आणि मग हळूहळू खाली बसतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला आधी बेसूर आणि मग सूर. हातात पंधरा वर्षांची मारायची सवय, ती मोडायला दोन महिने गेले. जाड पिक सोडून पातळ घेतला, मग तोही सोडला, खालची तार आता अंगठ्यानंच छेडतो. मेटल वाजवायला म्हणून खाली गेलेला माणूस अंगठ्यानं एक सूर लावून पाच सेकंद वाट पाहत बसलाय, हे आमच्या बेसिस्टनं पाहिलं आणि म्हणाला, "काऊन बे, तब्येत बरी हाय ना?"

त्याचा राग वेगळा होता म्हणा. त्याची ए तार उघडी वाजवली तर ५५ हर्ट्झ, माझी पण ५५. "मंग मी काय टाळ वाजवू का?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर अजून पण नाही. सध्या तो वरच्या दोन तारांवर वाजवतो आणि मी खाली गेलो की थांबतो, म्हणजे बहुतेक वेळ थांबूनच राहिला.

तर असं चाललं होतं, मार्च संपला, गच्चीवरून कूलर उतरवला, नव्या ताट्या लावल्या, आणि काकू वर आल्या.

त्या गेल्यावर मी कूलरसमोर ट्यूनर धरला. हवेची जी घरघर असते तिला सूर नसतो, पण तिच्याखाली मोटरची एक बारीक गुणगुण असते, ती अगदी एका जागी उभी असते. ट्यूनरनं दाखवलं जी, आणि काटा उजवीकडे. पस्तीस सेंट चढा जी, शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. मग डोक्यात उजेड पडला, अरे ही तर आपली वीज आहे. घरात येणारी वीज ५० हर्ट्झ, मोटरच्या पत्र्यांची थरथर त्याच्या दुप्पट, १००. जी म्हणजे ९८, त्याच्यावर थोडंसं, बरोबर पस्तीस सेंट. आणि माझा सा ११०. म्हणजे कूलर माझ्या सा च्या खाली १६५ सेंट. शुद्ध निषाद शंभर-सव्वाशेच्या मधे येतो, कोमल दोनशेच्या जवळ. काकूंनी जिन्यात उभं राहून, बिना ट्यूनरचं, जे सांगितलं ते हेच. मी खाली जाऊन त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो.

कूलर बंद करून वाजवणं एप्रिलच्या नागपुरात शक्य नाही, हे बाहेरच्यांना समजणार नाही. ४४ डिग्रीत बंद खोलीत घामानं तारा दोन दिवसांत गंजतात, माणसाचं तर सोडाच. मग एकच रस्ता उरला. कूलर माझ्या सुरात येणार नाही तर मी त्याच्या सुरात जातो.

खर्ज ५० वर लावला. प ७५. सा १००. म १३३ आणि वर थोडं. वरचा सा २००, वरचा प ३००. जरा आकडे बघा राजेहो. चाळीस वर्षांचा माणूस ट्यूनरकडे बघून एकटाच हसत होता. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सगळे आकडे असे दशांशात लोंबकळत असतात, १४६.८, २४६.९, आणि इथं सगळं किराण्याच्या बिलासारखं गोल. लावायची युक्ती सांगतो, ट्यूनरमध्ये ए चं कॅलिब्रेशन ४४० असतं ते ४४९ करा, मग खालून जी, डी, जी, सी, जी, डी असं सरळ लावा, काटा मधे आला की झालं. खालची तार ट्यूनरला कळत नसेल तर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक छेडून लावा, क्लिपवाले बरेच ट्यूनर इतक्या खाली गोंधळतात. ताण अजून उतरतो, ६२ ची तार पाच किलोच्या थोडी वर राहते, सगळ्या मिळून ३७ च्या जवळ, त्यामुळे मान सरळ होते आणि फ्रेट खरखरतात. मानेच्या आतली सळई, ट्रस रॉड, पाव आटा सैल केला. तरी थोडी खरखर राहिलीच. काकूंना दाखवली तर म्हणाल्या, "अरे ती असू दे, जवारी आहे ती." आता गिटारवाले ज्याला सेटअपचा फॉल्ट म्हणतात त्याला तंबोरेवाले ब्रिज घासून घासून, खाली सुती दोरा सरकवून, मुद्दाम आणतात, आणि त्या घासण्याचे पैसे देतात. मी ऍक्शन, म्हणजे तारांची उंची, परत वर केली नाही.

आणि खरी मजा पुढंच आहे. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे हम, ऍम्पमधून येणारी ती सततची गुणगुण. आयुष्यभर त्या हमला शिव्या घातल्या, तो कापायला नॉइज गेट लावला, वायर बदलल्या, गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली. तो हम पण विजेचाच. ५०, १००, १५०. म्हणजे सा, सा, प! ज्या क्षणी तारा ५० वर लागल्या त्या क्षणी ऍम्पचा हम गायब झाला, म्हणजे होता तिथंच होता पण आता तो तंबोरा झाला होता. नॉइज गेट काढून ठेवला. गिटार ऍम्पकडे थोडी वळवली की हम वाढतो, भिंतीकडे वळवली की कमी होतो, खुर्ची फिरवून मी आता तंबोऱ्याचा आवाज कमी-जास्त करतो. कूलर मागून, ऍम्प पुढून, मधे मी.

एका गोष्टीत हा तंबोरा काकूंच्या तंबोऱ्यापेक्षा कच्चा आहे, तो हलतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी पूर्ण वेळ ५० नसते, ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा नियम आहे, लोड वाढला की किंचित खाली, कमी झाला की वर. हिशोब केला तर हा सगळा पट्टा पाच-सहा सेंटचा, कानाला कळेल न कळेल असा. पण लांब सूर धरला की कधी कधी हळू लाट येते, दहा-बारा सेकंदाला एक, आणि मला उगाच वाटतं की कुठंतरी कोराडीच्या वीज केंद्रात कोणीतरी काहीतरी फिरवलं. खरं तर एकट्या कोराडीचं काही नाही, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूरची ७६५ केव्हीची लाइन जोडली आणि दक्षिणेची ग्रिड पण बाकी देशाच्या तालात आली, तेव्हापासून श्रीनगर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. म्हणजे देशातले सगळे कूलर एका सुरात आहेत. हे मी जेवताना घरी सांगितलं. बायको म्हणाली भाजी घे.

वाजवायला काय येतं यात, हा प्रश्न सगळे विचारतात. मी आधी मालकंस घेऊन बसलो कारण गिटारवाल्याच्या बोटाला तो सोपा वाटतो, आणि पंधरा मिनिटांत खालून हाक आली, "मालकंसात पंचम कोण लावतं रे?" बरोबर होतं, मालकंसात प वर्ज्य, आणि माझ्या दोन तारा उघड्या पंचमात, मी छेडल्या नाहीत तरी त्या आपोआप घुमतात. त्या तारांवर नटजवळ मुलीचं केसांचं रबर गुंडाळून पाहिलं, चालतं, पण मग हमातला १५० चा प राहतोच, त्याला कुठून रबर लावणार. दरबारी मात्र या गिटारीला मानवतो. मंद्रातच रमणारा राग, आणि कोमल गंधाराला ते जे आंदोलन असतं ते पाच किलोच्या ढिल्या तारेवर बोटाच्या पेराच्या वजनानं येतं, तार ओढावी पण लागत नाही. मी काही दरबारी गातो-वाजवतो असा दावा नाही हां, चार स्वर फिरवतो. डिस्टॉर्शन लावून फिरवतो. काकूंनी अजून हाक मारलेली नाही एवढंच.

मेटलचे रिफ पण निघतात, पण वेगळे. जलद वाजवलं तर पहिला स्वर बसायच्या आत दुसरा येतो आणि सगळं खिचडी. हळू वाजवावं लागतं, मधे जागा सोडावी लागते, आणि त्या जागेत कूलर भरून येतो.

तोटे पण सांगतो, कोणी माझं ऐकून नट घासायला बसाल म्हणून. या ट्यूनिंगमध्ये कोणाचंच गाणं वाजवता येत नाही, वाढदिवसाला गिटार घेऊन बोलावलं तर तुम्ही बिनकामाचे. कूलरची ओली हवा खाऊन लाकडी मान फुगते, दुपारी लावलेली गिटार रात्री वेगळीच असते. मेजर कॉर्डसाठी बोटं तुटतात. ४४० वाल्या कोणासोबतच सूर जमत नाही.

बँडचं तेच झालं. मी ग्रुपवर टाकलं की सगळे ४४९ वर या. दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही. मग कीबोर्डवाल्यानं मेन्यूत मास्टर ट्यून शोधून काढलं आणि ते ४४९ पर्यंत गेलं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं असं काही आहे. ड्रमरला काही फरक पडत नाही, त्याला कधीच काही फरक पडत नाही. बेसिस्टचा काल रात्री मेसेज आला, त्यानं त्याची खालची ई तार चढवून माझ्या जी पर्यंत न्यायच्या ऐवजी जवळजवळ एक स्वर उतरवून मंद्राच्या पण खालच्या प वर नेली, ३७ आणि अर्धा हर्ट्झ. "आता तू माह्या वर हाय," असं लिहिलं होतं.

शनिवारी त्याच्या घरी प्रॅक्टिस आहे. त्याच्याकडे एसी आहे, म्हणून कूलर मी रिक्षात टाकून घेऊन जाणार आहे.